होडीतली वीज जाते कुठे?

मराठीचा प्राध्यापक आणि होडीतल्या विजेची दुरुस्ती यांचा मेळ कसा बसला, असा प्रश्न हे शीर्षक वाचून पुष्कळांना पडेल. तो रास्तच आहे. माझे सारे दिवस समास, अलंकार आणि अन्वय यांच्या संगतीत जातात. परंतु गेली चार वर्षे माझ्या सुट्ट्या जातात त्या मालवणजवळ, देवबागच्या खाडीकाठी, माझ्या भाऊजींच्या एका अठरा फुटी होडीच्या सहवासात. सहवासाने प्रेम जडते म्हणतात. होडीच्या सहवासाने प्रथम काळजी जडते आणि मागाहून थोडेफार ज्ञान. ते ज्ञान मी येथे मांडणार आहे. ते माझे नव्हे. एका मिस्त्रींचे आहे. माझा वाटा इतकाच की, ते आकडे सांगत होते आणि मी वहीत टिपून घेत होतो.

ज्यांच्यापाशी होडी नाही त्यांनी पान उलटण्याची घाई करू नये. ज्यांच्या दारी मोटार आहे किंवा घरी इन्व्हर्टर आहे, त्यांना यातले निम्मे तरी उपयोगी पडेल. उरलेले निम्मे विजेविषयी नाहीच. एखादी वस्तू बिघडली म्हणजे आपण माणसे काय करतो, याविषयी ते आहे.

होडीतल्या विजेची गोष्ट खरे पाहता मिठापासून सुरू होते. इटलीतल्या व्होल्टाने १८०० साली आपल्या पहिल्या बॅटरीचा शोध जगापुढे मांडला. चांदी आणि जस्त यांच्या चकत्या त्याने एकीवर एक रचल्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घातले. दोन निराळे धातू आणि खारे पाणी एकत्र आले की वीज उत्पन्न होते, आणि ती उत्पन्न होताना त्यांतला एक धातू झिजत जातो. प्रयोगशाळेत हे वरदान. समुद्रात मात्र हाच शाप. इंग्रजांच्या आरमारी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत, आणि खारे पाणी ते पत्रे खाऊन टाकी. हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ साली त्यावर तोड काढली. पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडावेत, म्हणजे पाणी आधी ते तुकडे खाईल आणि तांबे वाचेल. तांबे वाचले, पण गंमत अशी की, झिजणारे तांबेच आजवर शंख-शिंपल्यांना बुडाशी चिकटू देत नव्हते. ते झिजेनासे झाल्यावर शिंपल्यांनी तेथे संसार थाटले आणि जहाजे मंद चालू लागली! डेव्हीची युक्ती तेव्हा मागे पडली, तरी तिचे तत्त्व टिकले. आजही होडीच्या इंजिनाच्या पाण्यातल्या भागावर जस्ताचा किंवा तशाच एखाद्या धातूचा बळीचा बकरा बसवलेला असतो. तो निम्मा झिजला की बदलायचा. त्यावर रंग मात्र चढवायचा नाही, कारण रंगवलेला बकरा बळी जात नाही आणि मग इंजिनाचीच पाळी येते.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटेचे तुषार वाळतात, मीठ मागे राहते, आणि रात्रीच्या दमट हवेतला ओलावा ओढून घेऊन ते पुन्हा ओले होते. म्हणजे एकदा खारे पाणी लागलेला सांधा कधी वाळतच नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आयाआज्यांना ठाऊक होते. होडीतल्या तारेचेही तेच होते, ती कळकते. म्हणूनच जाणते लोक होडीसाठी साधी तांब्याची तार न घेता कल्हई केलेली, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेली, तार घेतात. तारही एकसंध जाड नको. बारीक तारांच्या पिळाची हवी, कारण इंजिनाच्या थरथरीने एकसंध तार कधीतरी मोडते.

आता भाऊजींची होडी. फायबरची, मागच्या फळीला चाळीस अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन टांगलेले. बारा व्होल्टची एक बॅटरी. सत्तर अँपियर-तास क्षमतेची. तिच्यावर चार कामे: किल्ली फिरवली की इंजिन चालू करणे, रात्रीचे दिवे, भोंगा, आणि बुडाशी साचणारे पाणी बाहेर फेकणारा लहानसा पंप. इंजिन चालू असताना ते उलट बॅटरीलाच वीज परत देते. घरच्या मानाने हा संसार अगदीच आटोपशीर. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोटारीत दिव्यापर्यंत एकच तार नेतात. परतीची वाट म्हणून मोटारीचा लोखंडी सांगाडाच वापरतात. फायबरच्या होडीला असा सांगाडा नाही. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला जाणारी तार हवी तशी परतीचीही तार हवी. गेलेली वीज परत आली नाही, तर ती मुळात जातच नाही. वाक्यात क्रियापद नसावे तशी गत! आणि बिघाड शोधताना माणसे जाण्याची वाट शंभरदा तपासतात. परतीच्या वाटेकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

भाऊजींच्या होडीने दोन वर्षांत तीन बॅटऱ्या खाल्ल्या. किल्ली फिरवली की कधी इंजिन घुरघुरून चालू होई, कधी नुसता ‘टक्’ असा आवाज. बॅटरीच्या दुकानदाराकडे गेले की तो सांगे, "साहेब, बॅटरी गेली." नवी बसवली की महिना-दोन महिने सारे सुरळीत. मग पुन्हा टक्. एका दुकानदाराने तर जुनी बॅटरी तपासण्याचीही तसदी न घेता नवीचे बिल फाडले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा तो प्रकार चालला होता. पण आग दिसत नव्हती म्हणून बंबाचे कौतुक होत होते.

गेल्या नाताळच्या सुट्टीत या ‘टक्’ने आम्हांला चांगलाच हिसका दाखवला. भाऊजी, माझी ताई, तिच्या दोन नाती आणि मी असे पाच जण संध्याकाळी होडीतून निघालो होतो. कर्ली नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे वाळूचे दांडे आहेत. सूर्यास्त पाहण्यासाठी भाऊजींनी इंजिन थांबवले. ओहोटी लागली होती. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली, आणि या खेपेस टक्ही झाले नाही. दिवे विझले, भोंगा मुका झाला, पंपही बंद. नांगर टाकला, तो मऊ वाळूत धरेना. ओहोटीचे पाणी आम्हांला हळूहळू तोंडाकडे, फुटणाऱ्या लाटांकडे, ओढून नेऊ लागले. मागच्या फळीवरून पाणी आत येऊ लागले. धाकटी नात रडली नाही. तिने फक्त ताईचा पदर धरून ठेवला. ते मला अधिक कठीण वाटले. भाऊजी आणि मी बादलीने पाणी उपसत होतो आणि ताई मोबाईलचा दिवा डोक्यावर धरून हलवत होती. तो दिवा एका मच्छिमाराने पाहिला. त्याने दोर टाकला आणि आम्हांला ओढत धक्क्याला आणून सोडले. पैसे विचारताच तो म्हणाला, "दर्यार पैशे घेनत नाय," आणि निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायालय भरले. होडीची राखण करायला गावातला एक मुलगा होता. वय असेल एकोणीस. होडी धुवायची, पाणी काढायचे, रात्री धक्क्याजवळच्या खोपीत निजायचे, एवढे त्याचे काम. तो रात्री होडीतल्या बॅटरीवर आपला मोबाईल लावीत असे. भाऊजींनी विचारले तेव्हा त्याने लगेच कबूल केले. "लावतंय काका, कधीमधी." झाले! आरोपीने गुन्हा कबूल केला. आता पुराव्याचे काय काम? बॅटऱ्या का मरत होत्या ते कळले, जीव कोणामुळे धोक्यात आला ते कळले. मुलाला त्याच घडीला घरी पाठवले. तो वाद न घालता गेला. किल्ली मात्र हातात न देता त्याने ती ओट्यावर ठेवली. तीन पिढ्या समुद्रावर गेलेल्या घरातला तो पोरगा. तुझ्यामुळे पोरे बुडाली असती, हे शब्द त्याच्या गावात किती दिवस टिकतात, ते मी सांगायला नको.

चौथ्या बॅटरीचे पैसे देण्यापूर्वी ताईने मालवणहून एका मिस्त्रींना बोलावले. मासेमारीच्या ट्रॉलरांवरची वायरिंग दुरुस्त करण्यात त्यांचे केस पिकलेले. त्यांनी होडीकडे पाहिले, नव्या बॅटरीची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "सायेब, बॅटरी बदलूच्या आधी माका बघूक तरी देवा."

पुढला अर्धा तास मी जे पाहिले, त्याला मी आमच्या भाषेत अन्वय लावणे म्हणेन. ओवीचा अर्थ लागेना, म्हणजे विद्यार्थी एकेका शब्दाचा कोश पाहत सुटतो. जाणता माणूस आधी क्रियापद शोधतो, मग कर्ता, मग कर्म. आणि कोणता शब्द कोणाशी जोडला आहे ते ठरवीत जातो. मिस्त्रींनी तसेच केले. त्यांच्याजवळ एक स्वस्तातला मल्टिमीटर होता आणि एक मोटारीचा जुना बल्ब, दोन तारा लावलेला. बस्स.

पहिली पायरी: बॅटरीला विचारणे. काही तास स्वस्थ असलेल्या बॅटरीच्या दोन पिनांवर मीटर लावला. अशा बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडे वर दाखवते; १२.२ म्हणजे निम्मी, ११.९च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आमच्या बॅटरीने १२.६ दाखवले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. "लिवा मास्तरानू. भरलेली असा." त्यांच्या लेखी प्राध्यापक आणि मास्तर यांत काही फरक नव्हता, आणि खरोखर नसावाच.

दुसरी पायरी: भार घालून विचारणे. स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा आकडा पुरेसा नाही. बसल्या जागी सगळेच पैलवान असतात. इंजिन पेट घेऊ नये म्हणून त्याची सुरक्षा-दोरी काढली आणि भाऊजींना किल्ली फिरवायला सांगितली. आदल्या दिवशीच्या हलवाहलवीने सांधा पुन्हा थोडाफार जुळला होता, त्यामुळे इंजिन रडत-कुढत फिरले. तेवढ्यात पिनांवरचा आकडा १२.६ वरून ११.२ वर आला. या वेळी तो दहाच्याही खाली घसरला असता, तर बॅटरी दोषी. ११.२ म्हणजे बॅटरी ठणठणीत.

तिसरी पायरी: ज्याला वीज मिळायला हवी, त्याला विचारणे. मीटरची दोन्ही टोके इंजिनाच्या स्टार्टर मोटरवर लावली आणि पुन्हा किल्ली. आकडा आला ६.८. बॅटरीपाशी ११.२ आणि चार हात दूर मोटरपाशी ६.८! म्हणजे ४.४ व्होल्ट वाटेतच कोणीतरी गिळत होते.

चौथी पायरी सर्वांत सुंदर. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन पिनेवर आणि दुसरे मोटरच्या धन बाजूवर. दोन्ही एकाच तारेची टोके. त्यांच्यात काही फरक असू नये. फरक दिसला तर तेवढे व्होल्ट त्या तारेने खाल्ले. किल्ली फिरवली, आकडा ०.३. जाण्याची वाट निर्मळ. मग तेच परतीच्या वाटेवर, म्हणजे बॅटरीच्या ऋण पिनेपासून इंजिनाच्या अंगापर्यंत. आकडा आला ४.१. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा होता.

वाट सापडली, आता वाटमारी नेमकी कोठे? मिस्त्री टप्प्याटप्प्याने जवळ येत गेले. पिनेपासून तिच्यावरच्या पकडीपर्यंत काही नाही. पकडीपासून तारेत खुपसलेल्या सुईपर्यंत, अवघ्या दोन बोटांच्या अंतरात, ३.९. तेथे तारेच्या टोकाला पितळी थिंबल दाबून बसवलेले होते. मिस्त्रींनी त्याला हात लावून पाहिला आणि मलाही लावायला सांगितला. ते चांगलेच तापले होते.

चाकूने वरचे वेष्टण चिरले. बाहेरून काळे, गुळगुळीत, नवे दिसणारे. आत तांब्याऐवजी हिरवट-काळी भुकटी. पिळातल्या बहुतेक तारा कळकून गेल्या होत्या, मोजक्याच काय त्या जीव धरून होत्या. थिंबलाच्या उघड्या तोंडातून खारे पाणी आत शिरले होते आणि पिळाच्या वातीने शोषले जाऊन वीतभर आत चढले होते.

त्या संध्याकाळी काय झाले, ते आता उलगडले. जर्मनीच्या ओहमने १८२७ साली नियम मांडला की, विजेचा प्रवाह आणि वाटेतला अडथळा यांचा गुणाकार करावा. तेवढे व्होल्ट त्या अडथळ्यात खर्च होतात. स्टार्टरला सुमारे ८० अँपियर लागतात असे धरले, तर ४.१ व्होल्ट खाणारा अडथळा अवघा ०.०५ ओहम भरतो. इतका क्षुल्लक की साध्या मीटरला तो दिसतही नाही. दिव्याला एखादाच अँपियर लागतो. त्याच्या वाटेत हा अडथळा आला तर ०.०५ व्होल्ट जातात, दिव्याला पत्ताही लागत नाही. म्हणून दिवे लागत, भोंगा वाजे, मीटर १२.५ दाखवी, आणि सारे म्हणत की वायरिंग चांगले आहे. पण ८० अँपियर जाऊ लागले की, त्याच दोन बोटांत ४.१ गुणिले ८० म्हणजे सव्वातीनशे वॅटची उष्णता निघे. खाडीत दुसऱ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा त्या उष्णतेने उरल्यासुरल्या तारांचाही संबंध तुटला आणि परतीची वाटच बंद झाली. पंपाची तारही त्याच थिंबलातून परत येत होती. एक सांधा तुटला आणि चौघेही मुके झाले.

आणि नवी बॅटरी घातली की महिना-दोन महिने सारे ठीक का चाले? बॅटरी बदलताना पकड सोडावी लागते, पिना घासाव्या लागतात, तार हलवून पुन्हा आवळावी लागते. त्या हलवाहलवीत चार कळकलेल्या तारा एकमेकींना टेकत. गुण त्या हलवण्याचा होता आणि बिल बॅटरीचे होत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही तीन वेळा.

राहिला मोबाईलचा प्रश्न. मिस्त्रींनी तो सोडवलाच होता. पहिल्याच पायरीला बॅटरी भरलेली निघाली होती. तरी मी वहीत हिशोब मांडून भाऊजींपुढे ठेवला. मोबाईल एकदा पूर्ण भरायला बारा व्होल्टच्या बॅटरीतून दीड अँपियर-तासाच्या आसपास जातात. बॅटरी सत्तरची. म्हणजे शंभर रुपयांतले दोन रुपये, आणि इंजिन थोडा वेळ चालले की तेही परत. भाऊजींनी वही दोनदा वाचली. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "पोराचो काय्येक दोष नाय, सायेब. मीटर खोटा बोलत नाय. पण तेका इचारूक कळाक व्हया."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याविषयी वापरतो. भाऊजींनी ती त्या दिवशी मनाशी म्हटली असावी, कारण ते काही न बोलता चप्पल घालून निघाले. ताईने मला मागोमाग पाठवले. मुलगा अंगणात जाळे शिवीत बसला होता. त्याची आई दारात उभी राहिली. "बसा" म्हणाली नाही. भाऊजींनी ती कापलेली तार खिशातून काढून त्याच्यासमोर ठेवली. "ही बघ. हिच्यामुळे झालं. तुझ्यामुळे नाही. मी चुकलो." मग आवाज चढवून, शेजारच्या दोन अंगणांत ऐकू जाईल असे, त्यांनी तेच पुन्हा सांगितले. मुलाने तार हातात घेतली, नखाने हिरवी भुकटी खरवडली आणि विचारले, "दुसऱ्या बाजूची पण तपासलीत काय, काका?" तेव्हा त्याची आई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

दुसऱ्या बाजूची तारही बदलली. कल्हई केलेली तार, यंत्राने घट्ट दाबलेले थिंबल, आणि त्यावर तापवली की आवळून बसणारी, आतून गोंद असलेली नळी, म्हणजे पाण्याला तोंड उघडे नको. नव्या तारेने परतीच्या वाटेवर किती खाल्ले? ०.२. पंपाची सोय मिस्त्रींनी निराळी केली. त्याच्या दोन्ही तारा थेट बॅटरीवर, मुख्य बटनाच्या आधी, स्वतंत्र फ्यूज लावून घेतल्या. सारी होडी मेली तरी पंप जिवंत राहिला पाहिजे. आणि सुकाणूजवळ, मुलासाठी, मोबाईलचा एक खटका बसवला. त्यालाही लहानसा फ्यूज.

मिस्त्रींकडून टिपून घेतलेल्या आणखी चार गोष्टी पावसाळ्यानंतर होडी पाण्यात लोटणाऱ्यांच्या उपयोगी पडतील.

सगळे बंद करून ठेवले तरी बॅटरी उतरत असेल, तर कोठेतरी वीज झिरपत आहे. ऋण तार सोडवावी आणि ती तार व पिन यांच्यामध्ये मीटर अँपियरवर ठेवून लावावा. मात्र त्या वेळी स्टार्टरला चुकूनही हात लावू नये, मीटर जळेल. ५० मिलिअँपियरची गळती नगण्य वाटते. पण ती दिवसाला १.२ अँपियर-तास होते. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि हौशी होड्याही तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या ६१ दिवसांत ही गळती ७३ अँपियर-तास पिऊन टाकते. सत्तरची बॅटरी पार कोरडी. रिकामी राहिलेली बॅटरी आतून शिशाच्या क्षाराने कडक होते आणि पुन्हा धड भरत नाही. म्हणून पावसाळ्यात ती सोडवून घरी आणावी आणि महिन्याकाठी भरावी. झाकणे उघडणारी असेल तर आत फक्त शुद्ध केलेले डिस्टिल्ड पाणीच घालावे.

इंजिन चालू करून थोडा वेग दिल्यावर पिनांवर १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. आकडा साडेबारालाच चिकटून राहिला, तर इंजिन बॅटरीला काही देत नाही; तेथे बॅटरी बदलून उपयोग नाही.

फ्यूज हा दिव्याचा राखणदार नव्हे, तारेचा आहे. तो बॅटरीपासून वीतभरात असावा, म्हणजे पुढची सारी तार त्याच्या राखणीत येते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवणारा मनुष्य होडीत आगकाडी पेरतो. बारा व्होल्टचा धक्का सहसा बसत नाही, पण हातातली अंगठी दोन पिनांवर टेकली तर ती लाल होते; काम करताना अंगठी-घड्याळ काढून ठेवावे. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो शंभरात चार भाग झाला की पेटू शकतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड म्हणून होडीच्या बुडाशी साचते. म्हणून आधी झाकण उघडून वारा खेळू द्यावा, मग तारांना हात. धक्क्यावर घरगुती २३० व्होल्टचा चार्जर लावणार असाल, तर ३० मिलिअँपियरला तुटणारा सुरक्षा-खटका त्या वाटेत असलाच पाहिजे. ओल्या माणसाला तेथे दुसरी संधी मिळत नाही.

आणि दिवे. समुद्रावरच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७पासून लागू झाले. त्यांप्रमाणे इंजिनाच्या होडीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि पांढरा असे दिवे लागतात. बारा मीटरपेक्षा लहान होडीचा पांढरा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसावा. कमी व्होल्टवर जुना तारेचा बल्ब आधी पिवळा पडतो, मग लाल. तुम्हांला तो लागलेला दिसतो. समोरून येणाऱ्या ट्रॉलरला दिसत नाही. दिव्याखाली अंधार असतोच, पण अशा वेळी तो दिव्यापुढेही असतो.

ही सारी तपासणी मिस्त्रींच्या हाताने अर्ध्या तासाची, नवशिक्याच्या हाताने फार तर दोन तासांची. मला तिच्यातले विजेचे ज्ञान जेवढे मोलाचे वाटते, तेवढाच तिचा क्रम वाटतो. दोष शोधणे आणि दोष देणे ही दोन क्रियापदे मराठीत शेजारी शेजारी राहतात, पण त्यांचे गोत्र एक नाही. दोष द्यायला एक क्षण आणि एक माणूस पुरतो, आणि तो माणूस बहुधा घरातला सर्वांत दुबळा निघतो. दोष शोधायला टोकापासून टोकापर्यंत जावे लागते. जाण्याच्या वाटेने, आणि परतीच्याही. पुढल्या वेळी तुमची मोटार, होडी किंवा घरचा इन्व्हर्टर रुसला, तर कोणाचे नाव घेण्यापूर्वी ऋण बाजूच्या थिंबलाला एकदा हात लावून पाहा. ते गरम लागले, तर तुमचा आरोपी तेथेच बसला आहे.